बिनकडीचं दार आणि अक्कांचं नाक

कडीवाले पंधराव्या वर्षापासून दाराच्या कड्या करत आले. तीस वर्षं कारखान्यात केल्या. कारखान्याला कुलूप लागलं, तेव्हा घरामागच्या पत्र्याच्या खोलीत करायला लागले. त्यांच्या राहत्या घराला एकूण एकोणीस कड्या होत्या. एकट्या न्हाणीला तीन. पाहुणा आत गेला की तो बाहेर येईपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला.

मागच्या खोलीत त्यांची कोळशाची भट्टी होती. ती पेटली की धूर सरळ शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांत. पहिली दोन वर्षं लोकांनी सोसलं. मग एके दिवशी शेजारीण उशीचा अभ्रा हातात घेऊन दारात उभी राहिली. अभ्रा मधोमध काळा. "हे बघा, मी यावर डोकं ठेवते आणि सकाळी आरशात दुसरीच बाई दिसते." तिच्या मागे आणखी चार घरं. सगळ्यांचं म्हणणं एकच. कोळसा बंद करा.

कडीवाल्यांनी कोळसा बंद केला आणि स्वतःही बंद पडल्यासारखे झाले. सकाळी उठायचे, ऐरणीवरची धूळ पुसायचे, परत येऊन बसायचे. दुपारी पुन्हा जाऊन पुसायचे. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, गॅसवर चालतात ना हल्ली भट्ट्या? आणा की."

"आणतो."

"पण तुम्हाला वास येत नाही."

आता हे खरं होतं. कारखान्यात लोखंड तेजाबात बुडवायचं काम त्यांच्याकडे बारा वर्षं होतं, आणि त्या वाफेत नाक कधी गेलं ते त्यांनाही कळलं नाही. कळलं ते दुधामुळे. शेगडीशेजारी बसून ते पेपर वाचत होते. दूध उतू गेलं, करपलं, पातेलं काळं ठिक्कर पडलं, घरभर धूर झाला. बायको धावत आत आली, तर हे मान वर करून म्हणतात, "आज लवकर आलीस?"

बायको शिवणाच्या दुकानात जायची, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. म्हणजे दिवसभर घरात गॅस आणि कडीवाले, दोघंच. "तुम्हाला करपलेलं दूध कळत नाही, गॅस काय कळणार?" ती म्हणाली. "घरात दिवसा एक चालतं नाक पाहिजे. पुढच्या रविवारपर्यंत काय ती व्यवस्था करा. नाहीतर ऐरण विकून टाका आणि माझ्यामागे ती पुसत बसू नका."

ही बातमी भंगारवाल्याला कुणी दिली देव जाणे. शुक्रवारी तो टेप घेऊन हजर. ऐरण लांबीला मोजली, रुंदीला मोजली, आणि मोजून दमला म्हणून तिच्यावरच बसला. बापाच्या खांद्यावर परक्यानं बसावं तसं वाटलं कडीवाल्यांना.

गॅसवाला आला तो शनिवारी. उंच, वाळका, आणि बोलणं असं की डॉक्टरनं नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगावं.

"हा गॅस जड असतो," तो म्हणाला. "वर उडून जात नाही. पाण्यासारखा खाली उतरतो आणि कोपऱ्यात बसून राहतो. म्हणून टाकी खोलीत नाही, बाहेर. आडवी नाही, उभी. सावलीत, साखळीनं भिंतीला बांधलेली. जवळ गटाराचं तोंड नको, खिडकी नको. खोलीला जमिनीलगत झरोके पाडा, आणि वरही पाडा. आग विझवायचं नळकांडं दाराशी."

कडीवाल्यांनी सगळं मान डोलावून ऐकलं आणि तीन दिवसांत टाकीसाठी बाहेर जाळीचं एक घर बांधलं. वर छप्पर, खाली फरशी, चारी बाजूंनी वारा. बायको म्हणाली, "लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मला कधी असं हवेशीर काही बांधून दिलंत का?" त्या घराच्या दाराला त्यांनी पाच कड्या लावल्या. त्यातली एक गुप्त होती.

गॅसवाल्यानं त्या कड्यांकडे बराच वेळ पाहिलं. "आग लागली तर टाकी झटक्यात बंद करायची असते. ह्या पाच कोण काढणार?"

"मी. अकरा सेकंदांत."

"धुरात? डोळे मिटून काढून दाखवा."

कडीवाल्यांनी डोळे मिटले. दोन काढल्या, तिसरीला अडकले, आणि चौथी म्हणून गॅसवाल्याच्या शर्टाचं बटण काढलं.

पाची कड्या उतरल्या. एका बोटानं ढकललं की उघडणारं, बिनकडीचं दार कडीवाल्यांच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा लागलं. वाऱ्यानं ते रात्रंदिवस आपटायचं आणि प्रत्येक आपटण्याला कडीवाले "हं" म्हणायचे.

राहता राहिलं नाक. गॅसवाला म्हणाला, "गॅसला मुद्दाम घाण वास घातलेला असतो, सडक्या कोबीसारखा. शिवाय मी वास धरणारं यंत्र बसवतो, गळती झाली की ते ओरडतं."

"यंत्राला मी ओळखत नाही," बायको म्हणाली. "अक्काचं नाक ओळखते."

कडीवाल्यांचा चेहरा पडला.

अक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण, कडीवाल्यांची आक्कडसासू. दोन गल्ल्या सोडून एकट्या राहायच्या. त्यांचं नाक सगळ्या नात्यात गाजलेलं. जिन्यात उभ्या राहून कुणाच्या घरी काय शिजतंय आणि त्यात मीठ पडलंय की नाही ते सांगायच्या. अकरा वर्षांपूर्वी त्या ह्यांच्याकडे जेवायला आल्या, पहिल्या घासाला थांबल्या आणि म्हणाल्या, "काहीतरी कुजलंय." सगळं स्वयंपाकघर धुंडाळलं. शेवटी ते निघाले कडीवाल्यांचे मोजे. कडीवाले चिडून म्हणाले, "नाक आहे की पोलीस चौकी?" अक्का ताटावरून उठल्या. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. लग्नकार्यात एका पंगतीत बसले तरी मधल्या माणसाला सांगायचे, "त्यांना म्हणावं, पाय आवरा."

तर अशा अक्कांकडे कडीवाले बुधवारी गेले. ऐरणीसाठी माणूस काय काय करतो. दार उघडलं, दोघं समोरासमोर, आणि मध्ये बोलायला तिसरं कुणी नाही. दाराशी एक छत्री टांगलेली होती. कडीवाले छत्रीकडे वळून म्हणाले, "ह्यांना सांगा, आम्हाला ह्यांच्या नाकाची गरज आहे."

अक्कांनी आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं. मग छत्रीला म्हणाल्या, "त्यांना विचार, मोजे धुतलेत का?"

"सांगा, धुतलेत."

"सांग त्यांना, रविवारी येते."

रविवारी अक्का आल्या त्या रिकाम्या हातांनी नाही. भली मोठी पर्स, धुतलेला रुमाल, आणि अंगाभोवती सेंटचा असा काही दरवळ की बायको तीन शिंका देऊन स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. गॅसवाल्याचे डोळे पाणावले. कडीवाले तेवढे अक्कांच्या अगदी जवळ मजेत उभे. त्यांना काय, येतच नव्हतं काही.

"गॅस खाली बसतो," गॅसवाला लांबूनच म्हणाला. "त्यामुळे नाक खाली पाहिजे."

मग अक्कांसाठी पाटासारखं बुटकं स्टूल आणलं. त्या टाकीपासून हातभर अंतरावर, गुडघे हनुवटीला टेकवून बसल्या. भंगारवाला फाटकाशी येऊन उभा राहिला होता, हातगाडी घेऊन. त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी हाकललंही नाही.

गॅसवाल्यानं टाकीला रेग्युलेटर लावला, पान्यानं नट आवळला, पुढे भट्टीपर्यंतची नळी जोडून तिची दोन्ही टोकं पट्टीनं कसली. "कुणी हात लावू नका. मी गाडीतून यंत्र आणतो." तो फाटकाकडे वळला.

आणि कडीवाल्यांच्या हाताला खाज सुटली. तीस वर्षांचा हात तो. दुसऱ्यानं आवळलेल्या नटावर त्याचा कधी विश्वास बसला नव्हता. त्यांनी हळूच पाना उचलला, नटाला उजवीकडे चांगला हिसका दिला, आणि पाना होता तिथे ठेवला. अक्कांनी पाहिलं. बोलल्या नाहीत. छत्री घरी राहिली होती ना.

गॅसवाला परत आला. विडीकाडी कुणाजवळ नाही, आसपास काही पेटलेलं नाही, हे पाहून त्यानं टाकीची चावी जराशी उघडली. "अक्का, सांगा."

सगळं अंगण थांबलं. अक्का पुढे वाकल्या, डोळे मिटले, आणि छाती भरून लांब श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला.

"अगदी स्वच्छ," त्या म्हणाल्या. "कोबी नाही, काही नाही."

कडीवाल्यांनी सुस्कारा सोडला. भंगारवाल्यानंही सोडला, पण वेगळ्या कारणानं. गॅसवाला मात्र दाढीचा ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून एकेक सांधा रंगवत निघाला. नळीचं एक टोक, ठीक. दुसरं टोक, ठीक. नटावर ब्रश फिरला आणि फुगे आले. एक, दोन, मग बेडकाच्या डोळ्यांएवढे भराभर. त्यानं झटकन चावी बंद केली.

"हा सांधा मी स्वतः आवळला होता," तो आणखीच हळू आवाजात म्हणाला. "म्हणजे आटे खराब आहेत. टाकी परत न्यावी लागेल, रेग्युलेटरही. पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही."

भंगारवाल्यानं हातगाडीचा दांडा उचलला.

कडीवाल्यांनी ऐरणीकडे पाहिलं. मग बायकोकडे, मग आपल्या हाताकडे. "मी फिरवला तो," ते म्हणाले.

"काय?"

"नट. तुम्ही गेलात तेव्हा. अजून आवळला."

"कुठल्या बाजूला?"

"उजवीकडे. नट उजवीकडेच आवळतो ना."

"गॅसचा नट उलट्या आट्यांचा असतो, डावीकडे आवळणारा. दुसऱ्या कशाला चुकून जोडला जाऊ नये म्हणून. तुम्ही तो सोडवलात."

"तीस वर्षं!" बायको स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली. "तीस वर्षं लोखंडात काढली ह्या माणसानं!" आणि मग तिच्या एकदम लक्षात आलं. "पण अक्का, तू तर तिथेच बसली होतीस. तुला कसा नाही आला वास?"

अक्कांचा चेहरा पांढरा पडला. कडीवाल्यांना सगळं त्या क्षणाला कळलं. अकरा वर्षांचे मोजे वसूल करायची वेळ आयती चालून आली होती. ते घसा खाकरून म्हणाले, "वारा तिकडून होता."

"वारा कसला," अक्का म्हणाल्या. "पान हलत नाहीये." आणि स्टुलावर बसल्या बसल्याच, पहिल्यांदा, छत्रीशिवाय, त्यांनी कडीवाल्यांकडे पाहिलं. "मला वास येत नाही. तीन वर्षं झाली. ताप आला होता, त्यात गेलं नाक."

"अगं, मग आलीस कशाला?"

"अकरा वर्षांनी कुणीतरी बोलावलं. नाही म्हणू?"

"आणि घर उडालं असतं म्हणजे?"

"म्हणून तर साबण लावेपर्यंत जागची हलले नाही. उडालं असतं तर आधी मीच होते."

गॅसवाल्यानं नट डावीकडे कसला आणि पाना खिशात घातला. चावी उघडून पुन्हा साबण लावला, तर एक फुगा नाही. चावी बंद केली. मग यंत्र काढलं, खोलीत भिंतीला घोट्याच्या उंचीवर ठोकलं, आणि घरचे सगळे बघायला आत जमल्यावर चालू केलं.

यंत्र किंचाळलं.

सगळे पळाले. भंगारवाला हातगाडीसकट पळाला. फाटकापाशी उभं राहून गॅसवाल्यानं एकेक पायरी बोटांवर मोजून पाहिली, चावी बंदच होती. थोड्या वेळानं यंत्र गप्प झालं. अक्का विसरलेला रुमाल घ्यायला आत गेल्या. यंत्र किंचाळलं. अक्का बाहेर आल्या. गप्प. गॅसवाला एकटा आत गेला. गप्प. अक्का त्याच्या मागोमाग दोन पावलं आल्या मात्र, यंत्रानं गल्ली डोक्यावर घेतली.

"अक्का," गॅसवाला अगदी हळुवारपणे म्हणाला, "सेंट लावता का?"

"दोन थेंब."

"बाटली बघू?"

पर्समधून मनगटाएवढी बाटली निघाली.

"किती दिवस पुरते?"

"चार," अक्का म्हणाल्या. "लागलंय की नाही ते मला कळत नाही ना. म्हणून आपलं थोडं वरून."

गॅसवाल्यानं बाटली लांब धरली. "ह्यात स्पिरिट असतं. यंत्र त्यालाही ओरडतं."

"एवढं येतं का गं?" अक्कांनी बहिणीला विचारलं. बायको जमिनीकडे पाहायला लागली. भंगारवाला आभाळाकडे. तीन वर्षं सगळ्या नात्यानं हे सोसलं होतं, तोंडातून ब्र काढला नव्हता. बोललं ते यंत्र.

"मला तर काहीच येत नाही," कडीवाले म्हणाले.

अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि फिसकन हसल्या. मग कडीवालेही हसले. हसता हसता अक्का पुन्हा त्या बुटक्या स्टुलावर बसल्या आणि उठता येईना, तेव्हा कडीवाल्यांनीच हात देऊन उठवलं.

अक्कांनी त्या उरलेल्या साबणानंच हात, मान, सगळं खसाखसा धुतलं आणि बायकोचे कपडे घातले. यंत्र गप्प बसलं. बायकोनं निकाल दिला. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी अक्कांनी यायचं, सेंट न लावता. यंत्राचं बटण दाबून ते ओरडतंय ना बघायचं. एकेका सांध्याला ब्रशानं साबण लावायचा. साबण अक्का लावेल, कडीवाले बघतील. फुगा दिसला तर काम बंद. "नाकं नसली तर नसली," ती म्हणाली, "चार डोळे तर धड आहेत. पाना मात्र माझ्या कपाटात राहील."

गॅसवाल्यानं शिकवलं, आधी काडी पुढे धरायची, मग गॅस हळूच सोडायचा. बंद करताना आधी टाकी. कडीवाल्यांनी लांब दांड्याची काडी धरली, आणि भट्टीतून निळा जाळ घोंघावत निघाला. धूर औषधालाही नाही. लोखंडाचा तुकडा लाल झाला, ऐरणीवर आला, पहिला घण पडला. भंगारवाला दारातून म्हणाला, "त्या पाच कड्या तरी द्या, उतरवलेल्या."

"त्या माझ्या दाराला," अक्का म्हणाल्या. मग जरा विचार करून, "पाच नकोत. एकच लावा. सकाळी हाक मारायला आलात तर पटकन उघडता यावं."

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला. अक्कांनी मान वर केली, डोळे मिटले, जुन्या सवयीनं लांब श्वास घेतला.

"चहाला काय सुरेख वास सुटलाय."

"हो ना," कडीवाले घण थांबवून म्हणाले. "आलंही घातलंय बहुतेक."

आत बायको पाणी उकळायची वाट बघत उभी होती. चहाचा डबा अजून फळीवरच होता.