मोसंबीच्या जागेचा खड्डा

माझी नोकरी मातीची. गावोगाव खड्डे खणायचे, माती किती खोल आहे ते मोजायचं आणि गावाच्या नकाशावर लिहायचं, इथं कापूस, इथं फळबाग, इथं नुसतं गवत. गारखेड्याहून मोटारसायकलवर निघालो की ऊन चढायच्या आधीच माझं डोकं तापलेलं असायचं.

चितेगावच्या पुढच्या एका गावातल्या शेतकऱ्यानं तपासणीला मातीची पिशवी दिली होती. वडिलांच्या वयाचे, म्हणून मी त्यांना मामा म्हणायचो. माळावरच्या शेतात त्यांना मोसंबी लावायची होती. मुलगा वाळूजच्या कंपनीत, बिऱ्हाड बजाजनगरात. "बाग झाली की घरी येतो म्हणलाय," हे त्यांनी मला तीनदा तरी सांगितलं असेल.

मातीचा अहवाल इतका झकास आला की मला शंकाच आली. मी माळावर खड्डा घ्यायला लावला. वीतभर माती, खाली नुसता मुरूम. मोसंबीला कमरेइतकी खोल जमीन हवी.

"मामा, पिशवीतली माती कुठली?"

"उकिरड्याजवळची. तिथली लई चांगली हाय."

"अहो, पण बाग तर इथं लावायचीय ना?"

"म्हणून काय तपासायला ही असली माती द्यायची व्हय, साहेब? पाहुण्याच्या ताटात कुणी शिळी भाकर वाढतं का?"

मी चिडलो. नको तेवढं बोललो. मामा खड्ड्याच्या काठावर बसून मुरमाचे खडे निवडत राहिले, तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

"इथं बाग होणारच नाय?"

"नाही, मामा. झाडं चार वर्षांत वाळतील."

हातातले खडे खाली टाकून त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "पोराला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर त्याला वाटंल, बापालाच मी नको झालोय."

मी चार पावलं बाजूला जाऊन फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडं मशीनचा आवाज येत होता. मग मुलगा म्हणाला, "बरं झालं साहेब. माझ्यानं त्यांना नाय म्हणवत नव्हतं. पोरं इथल्या शाळेत रुळलीत, बायकोचं मन लागलंय. आता त्यांना यातलं काय सांगू नका."

मागं वळलो तर मामा उभे राहून माझ्याकडंच बघत होते.

"काय म्हणला? लई वाईट वाटलं आसंल ना त्याला?"

मी फोन त्यांच्या हातात दिला.

"लई," मी म्हणालो.