मम्मी पडली नव्हती

मोफत कायदेशीर मदतीच्या पॅनेलवर माझं नाव नुकतंच लागलं होतं. अंबरनाथ पश्चिमेच्या माझ्या घरी पहिली फाईल आली ती नऊ वर्षांच्या मुलीची. बापाच्या मारहाणीत आई गेली होती आणि काय घडलं ते पोलिसांना या मुलीनेच सांगितलं होतं. बाप तुरुंगात, मुलगी बालगृहात. तिला उल्हासनगरच्या काकाकडे द्यायचं की बारवी धरणाकडच्या पाड्यावर राहणाऱ्या मावशीकडे, हे बालकल्याण समिती ठरवणार होती. मुलीच्या वतीने बोलायला मला नेमलं होतं.

काकाचं उल्हासनगरच्या कॅम्प एक भागात दुकान. नेमाने खाऊ घेऊन भेटायला यायचा. मावशी मजुरी करणारी, तिला एकदाच येणं जमलं होतं. फाईल वाचून कुणालाही काकाच बरा वाटला असता.

बालगृहात मुलगी माझ्यासमोर उभीच राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

"मी तुझी वकील आहे," मी म्हटलं.

"वकील तर चोरांना असतो ना?"

मला हसू आलं. ती मात्र गंभीर होती.

"मॅडम, माझी शिक्षा कधी संपणार?"

"कसली शिक्षा?"

"मी पोलिसांना पप्पाचं नाव सांगितलं, म्हणून मला आत टाकलं ना?"

सगळा पावसाळा या पोरीने इथे असं समजून काढला होता!

"हे कोणी सांगितलं तुला?"

"काकाने. तो बोलला, मोठ्या मॅडमसमोर बोल की मी झूठ बोलली, मम्मी पडली. मग तुला लगेच सोडतील. पप्पा पण सुटेल."

"मग तू काय म्हणालीस?"

"मम्मी पडली नव्हती," ती म्हणाली. तेवढंच.

तिने एकदा होय म्हटलं असतं, तर तिच्या समजुतीप्रमाणे ती सुटणार होती. तरीही ती म्हणाली नव्हती.

सुनावणीला मी एवढंच मागितलं, की काकाला बाहेर थांबवा आणि हिला बोलू द्या. ती सगळं बोलली, अगदी हळू आवाजात. समितीच्या अध्यक्ष बाई लिहायच्या थांबल्या. काकाची भेट त्याच दिवशी बंद झाली, पोलिसांनाही कळवलं गेलं. मावशीच्या घरची चौकशी झाली आणि मग मुलीला तिच्याकडे सोपवायचं ठरलं.

न्यायला आलेली मावशी तिला पोटाशी धरून म्हणाली, "चल बाय, घरला जाव."

मुलीने माझ्याकडे बघितलं. "सोडलं मला?"

"तुला कुणी पकडलंच नव्हतं गं. तू खरं बोललीस, त्यात तुझा काहीच गुन्हा नाही."

तिने मान डोलावली. पण फाटकाशी पोचल्यावर मावशीचा हात सोडून ती वॉचमनपुढे जाऊन उभी राहिली आणि विचारलं, "वॉचमनकाका, जाऊ का मी?"