हमखास पट्टी देणारी अँटिबॉडी

लॅबमध्ये फ्रीजरमधला बर्फ आणि किस्से कुणीच साफ करत नाही, म्हणून दोन्ही साठत जातात. फरीदाबादच्या आमच्या सरकारी संस्थेत मी वीस वर्षं टेक्निकल ऑफिसर आहे. माझ्याकडचे निम्मे किस्से एकाच अँटिबॉडीचे आहेत!

पेशीला "थांब, एवढ्यात दोन होऊ नकोस" असं बजावणारं एक प्रोटीन असतं. ते असेल तर ही अँटिबॉडी त्याला चिकटते आणि एक्स-रेसारख्या फिल्मवर काळी पट्टी उमटते. नसेल तर फिल्म कोरी. निदान कंपनीच्या कागदावर तसं छापलं होतं.

*

ती परदेशाहून आली तेव्हा खोका वॉशिंग मशिनएवढा! आत ड्राय आइस, त्यात पिशवी, पिशवीत करंगळीच्या पेराएवढी कुपी. स्टोअरच्या शर्माजींनी ती उजेडात धरली. तळाशी जेमतेम थेंब; अँटिबॉडी येते तीच एवढीशी.

"मॅडम, ये तो सारा रास्ते में ही लीक हो गया!"

त्यांनी 'माल खराब' असा शेरा मारला. खोका मात्र चांगला होता म्हणून घरी नेला.

*

तो थेंब आमच्या लॅबच्या प्रमुखांनी, जोगळेकर सरांनी, जिवापाड जपला. पातळ केलेली अँटिबॉडी वापरली की फेकायची नाही, पुन्हा ट्यूबमध्ये भरायची आणि ट्यूबवर एक काडी मारायची, हा आमचा रिवाज.

एकदा मी म्हटलं, "सर, चौदा काड्या झाल्या. आता यात पाण्याशिवाय काय उरलंय?"

"अनुभव!" सर म्हणाले.

*

मे महिन्यात फ्रीजर बंद पडला. अँटिबॉडी दोन दिवस उकाड्यात! सरांचा चेहरा बघवेना. तिसऱ्या दिवशी प्रयोग केला, तर पट्टी जशीच्या तशी. सरांनी बर्फी वाटली. मी खाल्ली, पण मनात पाल चुकचुकली.

*

सुमन पानिपतची. सरांकडे पीएचडी करत होती. नोएडातल्या कंपनीचं ऑफर लेटर हातात होतं, अट एकच: महिनाअखेर डिग्री.

थीसिससाठी तिने मुद्दाम अशा पेशी बनवल्या, ज्यांत ते प्रोटीन बनूच शकत नाही. फिल्म कोरी यायला हवी. आली काय? काळीकुट्ट, ठसठशीत पट्टी! तीनदा केलं, तीनदा आली.

"तुझ्या पेशी चुकल्या," सर म्हणाले.

"सर, इनमें वो जीन ही नहीं है!"

"मग शेजारच्या नमुन्यातून सांडून आलं असेल."

सरांनी ती फिल्म थीसिसमधून काढायला सांगितली. खरं सांगते, मीही तेच म्हटलं, "छोड़ ना यार, नौकरी देख." तिने ती फिल्म थीसिसच्या पहिल्याच पानावर लावली. मला तिचा अभिमान वाटला आणि भयंकर रागही आला.

*

व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक याच प्रोटीनवर आयुष्यभर काम केलेले. फिल्म बघून त्यांनी चष्मा काढला. एसी चालू असून जोगळेकर सर घाम पुसत होते.

"बेटा, मतलब ये अँटिबॉडी झूठ बोलती है?"

"जी सर. हर बार."

परीक्षकांनी पेन काढलं आणि सही केली. "शाबाश! ऐसी हिम्मत आजकल कौन करता है?"

सुमन रडली. मीही रडले. मग चहा-समोसे आले.

मी चहा ओतत होते, म्हणून ऐकू आलं. परीक्षकांनी सुमनला खिडकीपाशी बोलावलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "बेटा, यही अँटिबॉडी थोड़ी बची है क्या? पट्टी न आने से मेरा एक पेपर अटका हुआ है."