अकरा नंबरचं इन्सुलिन

फोनचा पडदा लाल झाला तेव्हा सिस्टर जाधवच्या हातात इन्सुलिनची सिरिंज तयार होती आणि अकरा नंबरच्या बाईंनी दंड पुढे केला होता.

मिहीर, तारा, रिटायर झालेली आजी परळच्या हॉस्पिटलात पुन्हा काय करते, असं तुम्ही विचारलंत. हेच करत होते. तिथे मी मेट्रन होते, म्हणजे सगळ्या नर्सेसची प्रमुख. हँडओव्हरचं नवं अ‍ॅप बसवायला त्यांनी मला बोलावून घेतलं. ड्युटी संपलेली सिस्टर येणाऱ्या सिस्टरला प्रत्येक पेशंटची हकिगत सांगते, तो हँडओव्हर. कोणाला काय दिलं, काय द्यायचंय, कशावर लक्ष ठेवायचं. आजवर हे तोंडी चालायचं. घरी जायची घाई असली की एखादी गोष्ट राहून जायची.

या अ‍ॅपवरून माझं आणि जाधवचं वाजलं होतं. ती फीमेल वॉर्डची इन्चार्ज, कामाला वाघीण. आमच्याकडे पेशंटला नावाने कोणी ओळखत नाही. अकरा नंबरचं ड्रेसिंग, चार नंबरचा एक्स-रे. फाइलसुद्धा खाटेलाच लटकते. तेव्हा बेड नंबर टाकला की माहिती उघडावी, असं तिचं म्हणणं. मी अडून बसले. मनगटावरच्या पट्टीचा कोड स्कॅन केल्याशिवाय काही उघडायचं नाही.

"मॅडम, सकाळच्या घाईत मनगटं धरत फिरू का मी?" ती म्हणाली. "पेशंट काय पळून जाणारेत?"

शेवटी सुपरिटेंडंट साहेबांनी तोड काढली. एक सकाळ माझ्या पद्धतीने. नाही जमलं, तर बेड नंबर.

ती ही सकाळ. नाइटची सिस्टर सांगून गेली होती, चार नंबरच्या सावंतबाईंचं आज ऑपरेशन, त्यांना उपाशी ठेवलंय. अकरा नंबरच्या मालतीबाईंना डायबेटिस, त्यांना नाश्त्याआधी इन्सुलिन. जाधव अकरा नंबरपाशी गेली. अकरा नंबर ना, म्हणाली. बाई हो म्हणाल्या. मी मागे उभी, म्हणून तिने नाक मुरडत पट्टी स्कॅन केली. फोनचा पडदा लाल झाला आणि त्यावर नाव सावंत. उपाशी ठेवणे. इन्सुलिन नाही.

इन्सुलिनने रक्तातली साखर उतरते. रात्रभर उपाशी, त्यात डायबेटिस नसलेल्या बाईला ते टोचलं तर साखर इतकी खाली जाते की जिवावर बेततं. जाधवने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. मी घाबरले होते, आणि खरं सांगू, त्याच वेळी नाचावंसंही वाटत होतं.

"सावंतबाई, तुम्ही इथे कशा?" मी विचारलं.

"त्या चायच्या वासान जीव कासावीस झालो गो बाय. म्हणान मालतीन आपली खाट दिल्यान."

चार नंबर पॅन्ट्रीच्या दाराशी आहे. सकाळी तिथे चहा उकळतो. उपाशी बाईला तो वास नको, म्हणून भायखळ्याच्या मालतीबाईंनी लालबागच्या सावंतबाईंना खिडकीजवळची खाट देऊन टाकली. चादरी, डबे, चपला, सगळं हललं. फायली जागच्या जागी राहिल्या. आणि सुई? ती ऑपरेशनच्या आधीची असेल, असं सावंतबाईंना वाटलं.

उपाशी ठेवायच्या चार नंबरवरून मालतीबाईंचा आवाज आला, "ओ सिस्टर, मी चहाच्या दारात बसलेय नि मला कोणी कप देईना."

वॉर्ड हसला. जाधव मात्र हसली नाही. मालतीबाईंची पट्टी स्कॅन करून तिने त्यांना इन्सुलिन दिलं, आणि मी निघायच्या आत सुपरिटेंडंट साहेबांची केबिन गाठली.

"साहेब, पट्टीच ठेवा," ती म्हणाली. "बेड नंबर अ‍ॅपमधून काढूनच टाका."

सावंतबाईंचं ऑपरेशन त्याच दुपारी नीट पार पडलं. अ‍ॅप आता सगळ्या वॉर्डांत चालतं, आणि उपाशी पेशंटला चार नंबरची खाट देत नाहीत.

खाट आपणहून जागची हलत नाही. पेशंटला पाय असतात, आणि शेजारीणही.