ताइफमधला बेकार

ताइफच्या विमानतळावर उतरलो तेव्हा अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता आणि बॅगेत तसलेच आणखी सहा. सौदी अरेबिया म्हणजे वाळवंट आणि वाळवंट म्हणजे ऊन, एवढा अभ्यास करून मी नाशिकहून निघालो होतो. ताइफ हे डोंगरावरचं थंड हवेचं ठिकाण आहे हे मला ठाऊक होतं, किंबहुना म्हणूनच ते निवडलं होतं. पण डिसेंबरात थंड हवेच्या ठिकाणी थंडी असते, हा पुढचा विचार करायचा राहून गेला. टॅक्सीवाल्यानं माझ्या उघड्या कोपरांकडे एकदा पाहिलं आणि हीटर लावला.

खरं तर मी जाणार होतो अल्बेनियात, तिरानाला. लॅपटॉप काखेत मारून कुठूनही नोकरी करणारी आमची जमात हल्ली बाल्कन देशांत उतरते. तिथे भाडं स्वस्त, कॉफी चांगली आणि कॉफीचा फोटो त्याहून चांगला. पण मी मनावर घेईपर्यंत इतके जण तिथे पोचले होते की तिरानाची भाडी पुण्याला हात लावायला लागली होती. जुबैलच्या एका कारखान्यात नोकरीला असलेला माझा शाळासोबती म्हणाला, ताइफला जा. सौदी लोक तिथे उन्हाळ्यात गर्दी करतात. हिवाळ्यात सामानसुमानासकट भाड्यानं देतात त्या फ्लॅटच्या इमारती ओस पडलेल्या असतात. माझ्या पासपोर्टवर इंग्लंडचा व्हिसा शिल्लक होता, त्याच्या जोरावर सौदीचा पर्यटक व्हिसा मिळाला. शिवाय ताइफ हे गुलाबांचं गाव. गुलाब तिथे मार्चच्या शेवटी फुलतात आणि माझा मुक्काम फेब्रुवारीत संपत होता, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

इमारतीच्या रिसेप्शनवर पांढऱ्या दाढीचे, चष्मा लावलेले एक गृहस्थ बसले होते. मी पासपोर्ट पुढे केला आणि विमानात पाठ केलेली अरबी वाक्यं एकामागून एक म्हटली. त्यांनी शांतपणे सगळी ऐकून घेतली आणि मराठीत विचारलं, "नाशिकचे काय?"

मी म्हटलं, आधी का नाही बोललात?

"एवढा पाठ करून आलाय, म्हटलं होऊ दे पुरा."

हे इक्बालभाई. मूळचे दापोलीकडचे, ताइफला अर्धं आयुष्य गेलेलं. त्यांच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीवर नूरा नावाची एक सौदी बाई बसायची. दोन मुलांची आई, आणि ही तिची पहिलीच नोकरी. रिसेप्शनवर यापुढे सौदी माणूसच हवा, असा नियम आला होता. वर्ष संपलं की इक्बालभाईंची खुर्ची तिची होणार होती आणि तोवर इक्बालभाईच तिला काम शिकवत होते. ती त्यांना 'अम्म इक्बाल' (इक्बालकाका) म्हणायची. ते तिला किल्ल्यांचा क्रम समजावायचे आणि गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की चेहरा कसा ठेवायचा, हेही.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा घोळ तिथूनच झाला. डेन्मार्कच्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका मी शोधतो. चुका शोधण्याचे पैसे मिळतात. करण्याचे मिळत असते तर मी एव्हाना बंगला बांधला असता. माझ्या फ्लॅटमधलं वायफाय थंडीनं गारठल्यासारखं वागायचं, म्हणून मी खालच्या दिवाणखान्यात, रिसेप्शनसमोरच्या सोफ्यावर बसून काम करायचो. रोज सकाळी अकराला कंपनीची पंधरा मिनिटांची बैठक असे. तेवढ्यापुरता मी कोट चढवायचो. शाळासोबत्यानं जुबैलहून पाठवलेला तो एकच गरम कपडा माझ्याकडे होता. कोटाखाली लेंगा. लॅपटॉपला लेंगा दिसत नाही, इक्बालभाईंना दिसायचा.

त्यांना रोज दिसायचं ते असं: एक माणूस अकराच्या ठोक्याला कोट घालतो, केस सारखे करतो, लॅपटॉपसमोर ताठ बसून नम्र इंग्रजीत प्रश्नांची उत्तरं देतो. पंधरा मिनिटांनी कोट काढतो आणि दिवसभर तोंड पाडून बसून राहतो.

"काय म्हणाले?" त्यांनी एकदा हळूच विचारलं.

"काही नाही, उद्या परत बोलू म्हणाले."

दुसऱ्या दिवशीही तोच प्रश्न आणि तेच उत्तर. मग माझ्यासमोर न मागता चहा यायला लागला. कोपऱ्यावरच्या बकाल्यातला (किराणा दुकानातला) मलबारी माझ्या पिशवीत दोन अंडी जास्त टाकून म्हणाला, टेन्शन नहीं लेने का भाई. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की इमारतीत मी रोज इंटरव्ह्यू देऊन रोज नापास होणारा बेकार ठरलो होतो. मी इक्बालभाईंना समजावलं, मला नोकरी आहे, ऑनलाइन आहे, पगार येतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवसांत सौदीकरणात ज्याची ज्याची नोकरी गेली होती, तो प्रत्येक जण 'ऑनलाइन काहीतरी चालू आहे' असंच सांगत होता. मी जितकं ठासून सांगितलं तितका जास्त बेकार ठरलो.

त्याच शुक्रवारी त्यांनी मला घरी जेवायला नेलं. जुबेदाभाभींनी जेद्द्याहून बर्फात आलेल्या हमूर माशाचं सालन केलं होतं आणि तांदळाच्या भाकऱ्या. मुलगी अफरीन बारावीला. आई मराठीत विचारायची आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. इक्बालभाई हात धुवायला गेले तेव्हा भाभींनी मला खरी गोष्ट सांगितली. वर्षाअखेर नोकरी संपते. तोवर नवा कफील (ज्याच्या नावावर परदेशी माणूस देशात राहतो तो मालक) मिळाला नाही, तर तिघांचाही इकामा (राहण्याचा परवाना) संपणार, म्हणजे कायमची रवानगी. अफरीनचे बोर्डाचे पेपर फेब्रुवारीत. मुलीची बारावी मधेच तुटेल. आणि हा माणूस कुणाला सांगत नाही.

"काय सांगत नाय?" इक्बालभाई बाहेर येत म्हणाले.

"मीठ कमी झालंय ते," भाभी म्हणाल्या.

म्हणून पुढच्या आठवड्यात जेव्हा इक्बालभाई म्हणाले, जेद्द्याला एका शेठला भेटायचंय, येतोस का, तेव्हा मी लगेच ओळखलं. यांना नोकरी मागायला जायचंय आणि एकट्याला अवघड वाटतंय. आधार म्हणून जाऊ. ते म्हणाले, इस्त्रीचा शर्ट घाल. मी मनात म्हटलं, किती संकोच या माणसाला, सोबत्याचीसुद्धा काळजी. वाटेत त्यांनी मला दोनदा सांगितलं की मोठ्या माणसासमोर पाय हलवायचे नाहीत. तेही मी त्यांच्या घाबरण्याच्या खात्यात टाकलं.

ताइफहून अल-हदाचा घाट उतरताना रस्ता वेटोळं घालत खाली जातो आणि कठड्यावर माकडांच्या टोळ्या बसलेल्या असतात. चांगली केसाळ, कुत्र्याएवढी माकडं. इक्बालभाईंनी चहासाठी गाडी थांबवली. मी फोटोसाठी खिडकी खाली केली आणि आत हात घालून एका माकडानं, शेठसाठी भाभींनी दिलेला सांदणांचा डबा उचलला. झाकण त्यानं माझ्यापेक्षा लवकर उघडलं. इक्बालभाई म्हणाले, "राहू दे. त्याला तरी खायला मिळालं."

घाट संपल्यावर सरळ रस्ता मक्केतून जातो. मुसलमान नसलेल्यांनी मक्केच्या अलीकडेच बाहेरच्या वळणरस्त्याला लागायचं असतं, तशी पाटीच आहे. माझ्यामुळे गाडी लांबच्या रस्त्यानं गेली. मी ओशाळून काही बोललो, तर ते म्हणाले, रस्ता चांगला आहे, ट्रक कमी लागतात. ट्रक भरपूर लागले.

शराफिया हा जेद्द्यातला आपल्या लोकांचा जुना मोहल्ला. गल्लीत शिरताच बिर्याणीचा आणि कढीपत्त्याचा वास एकदम आला. घरी पैसे पाठवायच्या काउंटरसमोर रांग होती आणि रांगेत चार भाषांत भांडण चाललं होतं. मजीदशेठांचं ऑफिस एका खानावळीवर, पहिल्या मजल्यावर. श्रीवर्धनकडचे, कामगारांच्या वस्त्यांना जेवण पुरवण्याचा धंदा. त्यांनी मला समोर बसवलं आणि इक्बालभाईंना बाजूच्या खुर्चीवर.

"बोल, काय शिकलायस?" शेठनी मला विचारलं.

"बी. एस्सी.," मी म्हटलं. "पण माझं राहू द्या. इक्बालभाईंचं अरबी ऐकलंत तर—"

"इक्बालचं अरबी मी तुझ्या जन्माआधीपासून ऐकतोय. तुझं बोल."

"लाजतोय तो," इक्बालभाई म्हणाले. "इंग्लिश फाडफाड बोलतो, शेठ. रोज इंटरव्ह्यू देतो. नशीबच साथ देत नाय."

मग माझ्या लक्षात आलं. मी त्यांना नोकरी मिळवून द्यायला त्यांच्याबरोबर आलो होतो आणि ते मला मिळवून द्यायला माझ्याबरोबर. इस्त्रीचा शर्ट, पाय न हलवणं, सगळं माझ्यासाठीच होतं. मी पुन्हा म्हटलं की मला नोकरी आहे. शेठ आणि इक्बालभाई दोघांनीही एकाच वेळी सहानुभूतीनं मान हलवली.

तेवढ्यात अकरा वाजले. मी शेठची परवानगी काढून लॅपटॉप टेबलावर उघडला. त्या दिवशी नेमकं आमच्या मॅनेजरबाईंनी मला धरलं. मी तपासून पास केलेल्या एका पानावर बिलाची बेरीज चुकत होती आणि ते गिऱ्हाइकाला दिसलं होतं. डॅनिश माणसं आवाज चढवत नाहीत, सावकाश सोलतात. मी तीन वेळा माफी मागितली, एकदा तर न झालेल्या चुकीचीसुद्धा. बैठक संपली तेव्हा माझे कान गरम झाले होते.

शेठना इंग्रजी पुरेसं कळत होतं. ते इक्बालभाईंना म्हणाले, "याला नोकरी आहे रे. एवढं कोण नोकरी नसताना ऐकून घेईल?"

इक्बालभाईंनी माझ्याकडे पाहिलं. फसवला गेल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

"मग ही जागा कुणाला पाहिजे होती?" शेठनी विचारलं.

मी म्हटलं, यांना. आणि भाभींनी सांगितलेलं सगळं सांगून टाकलं, इकामा, अफरीन, पेपर. इक्बालभाई मधे म्हणाले की मी मागायला आलेलो नाय. शेठ त्यांच्याकडे न बघता बोलले, की इतकी वर्षं लोकांना घेऊन जिना चढतोस, स्वतःसाठी एकदा तरी चढलायस का. मग त्यांनी कामाचं सांगितलं. जुबैलला कामगारांच्या कॅम्पात, भटारखान्याचा स्टोअरकीपर. म्हणजे ताइफहून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. राहायचं कॅम्पातच, एकट्यानं. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी हजर. नाव आज नाही दिलं तर उद्या एक केरळी माणूस यायचा होता.

चहा आला. इक्बालभाईंनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. इमारतीत त्यांनी किती जणांना कुठे कुठे चिकटवलं होतं ते मी ऐकून होतो; शब्द कधी कमी पडले नव्हते त्यांना. आता खालच्या रांगेतलं भांडण ऐकत बसले.

"घरच्यांचा इकामा?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तुझ्यामागे माझ्याकडे येईल. त्या ताइफलाच राहू देत."

"मजीद," ते म्हणाले. इतका वेळ शेठ म्हणत होते. "मजीद, मला ठेव."

शेठनी हात पुढे केला. "आण इकामा इकडे."

परतीच्या वाटेवर घाट सुरू झाला. इक्बालभाई म्हणाले, "घरी सांगू नको मी मागितलं म्हणून. शेठनीच बोलावलं म्हण."

ते जुबैलला गेले आणि रिसेप्शनवर नूरा एकटी बसायला लागली. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की तिचा चेहरा हुबेहूब इक्बालभाईंसारखा व्हायचा. भाभींनी ड्रायव्हिंग शाळेत नाव घातलं, कारण अफरीनला परीक्षेला सोडणार कोण. इक्बालभाई जुबैलहून रोज फोनवर गाडी शिकवायचे आणि भाभी रोज फोन बंद करायच्या.

माझं विमान नेमकं पहिल्या पेपरच्या दिवशी होतं. सकाळी बॅग घेऊन खाली टॅक्सीची वाट बघत उभा होतो, तर समोर गाडी येऊन थांबली. भाभी चालवत होत्या. अफरीन बाजूला, मांडीवर पुस्तक, ओठ हलत होते. भाभींनी खिडकी खाली करून वाटेसाठी भाकऱ्यांचं पुडकं दिलं. मग मुलीकडे एकदा पाहून आवाज उतरवला.

"खरं सांगा. शेठनी बोलावलं, की यांनी मागितलं?"

"शेठनी बोलावलं," मी म्हटलं. पण म्हणताना मी हातातल्या पुडक्याकडे बघत होतो, आणि भाभी माझ्या मॅनेजरबाईंपेक्षा हुशार.

"मागितलं ना," त्या म्हणाल्या. "चांगलं केलं." आणि गिअर टाकून निघाल्या. गाडी चौकात एकदा बंद पडली, पुन्हा सुरू झाली आणि वळली.

नाशिकला लोक विचारतात, कुठूनही काम करता येतं म्हणे तुम्हाला? हो म्हणतो. पूर्वी यावर मी बराच वेळ बोलायचो. कुठे राहायचं हे मी भाडं आणि हवा बघून ठरवतो, आवडलं नाही तर उठतो, आणि चुकलंच तर सोबत सहा अर्ध्या बाह्यांचे शर्ट असतात, एवढंच माझं नुकसान. इक्बालभाईंच्या घरात दोघींना एका जागी राहायचं होतं, म्हणून एकाला उठावं लागलं. आणि ती नोकरी मागताना त्यांना जेवढी किंमत मोजावी लागली, तेवढी मला आजवर कुठल्याच गावात द्यावी लागलेली नाही.