मामींच्या घरचं केळवण

माझ्या बायकोच्या मामींच्या हातचं केळवण न जेवता बोहल्यावर चढलेला माणूस आमच्या नात्यात अजून जन्माला यायचा आहे. लग्न ठरलं की बाकीचे लोक आधी हॉल बघतात, आमच्याकडे आधी मामींचा रविवार बघतात. नवऱ्या मुलाला किंवा मुलीला आईवडिलांसकट जेवायला बोलवायचं, टॉवेल-टोपी नाहीतर खण-नारळ द्यायचा, एवढीच खरं तर ही पद्धत. मामींनी तिचं व्रत करून टाकलंय. डोंबिवलीतल्या त्यांच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत सख्खे, चुलत, मावस तर जेवलेच, पण इस्त्रीवाला जेवला, सिलिंडरवाला जेवला आणि बँकेत पासबुक भरून देणारी मुलगीही जेवली. एका भाच्याची तारीख त्यांनी कॅलेंडरच्या भलत्याच पानावर लिहून ठेवली, तेव्हा तो लग्नानंतर आठवड्याने बायकोसह केळवणाला आला. मामींनी "तुमचं व्हायचंय असं समजा" म्हणून दोघांना दोन खोल्यांत बसवून जेवायला घातलं. खडवलीच्या पुतणीला ऐन वेळी कांजिण्या आल्या, तर या डबे घेऊन खडवलीला पोहोचल्या आणि ओसरीवर उभं राहून खिडकीतून पुरणपोळ्या आत सरकवत राहिल्या. तिने दोन पोळ्यांवर हात आखडता घेतला तर म्हणाल्या, "कांजिण्या अंगावर आल्यात, पोटात नाही."

त्यांचे नियमही ठरलेले. फोनवर आमंत्रण नाही. "फोनवर निरोप देतात. आमंत्रण दारात उभं राहून द्यायचं असतं," असं म्हणत शहात्तराव्या वर्षी, कुरकुरते गुडघे घेऊन, त्या अक्षतांची वाटी हातात धरून जिने चढतात. डाएट हा शब्द त्यांच्या घरात चालत नाही. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे शेवटचा माणूस पानावर बसेपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही. एका नवरदेवाचे वडील कल्याणला अडकले होते, तर अठरा माणसं तासभर बासुंदीकडे बघत बसली होती. मीही त्यात होतो. मला तेव्हा या बाईंचा फार राग आला होता.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. आमचा एकुलता एक निखिल ठाण्याला विराज नावाच्या मुलाबरोबर राहतो. दोन वर्षांपूर्वी त्याने आम्हाला समोर बसवून सांगितलं, की मी याच्याबरोबरच आयुष्य काढणार आहे. बायको महिनाभर रडली आणि मग लोणच्याची बरणी घेऊन ठाण्याला गेली. मी रडलो नाही आणि गेलोही नाही. नात्यात कुणी विचारलं की 'रूम पार्टनर' म्हणायचो. यंदा दोघांनी ठरवलं, टेंभी नाक्याजवळ लहानसा हॉल घ्यायचा आणि चार माणसांसमोर एकमेकांना हार घालायचे. मी म्हणालो, "तुम्ही करा, मी येणार नाही." निखिल वाद घालेल असं वाटलं होतं. तो फक्त "बरं, बाबा" म्हणाला. ते मला फार लागलं, पण मी तसं दाखवलं नाही.

बायकोने हे मामींच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी मामी अक्षतांची वाटी घेऊन, दोन गल्ल्या ओलांडून आमच्या दारात.

"जावईबापू, रविवारी निखिलचं नि विराजचं केळवण. तुम्ही दोघांनी यायचंय."

"अहो मामी, हे लग्न कायद्यात बसत नाही."

"केळवणाला कधी कायदा लागलाय? पाट लागतो. मी दोन जास्तीचे मागवलेत."

त्यांना अडचण एकच वाटत होती. टॉवेल-टोपी कुणाला आणि खण-नारळ कुणाला? दोन दिवस विचार करून त्यांनी दोन्हीकडे टॉवेल-टोपी काढली, आणि नारळ मात्र दोघांनाही ठेवला. मग अकरा घरी आमंत्रणं झाली. शेजारीण म्हणाली, "आमच्याकडे मुलं लहान आहेत हो." मामी म्हणाल्या, "चालेल, त्यांना बुटके पाट देते." भजनी मंडळातली मैत्रीण म्हणाली, "हे आपल्यात नसतं." तिला उत्तर मिळालं, "आपल्यात घटस्फोटही नसायचा गं. तुझ्या मुलाच्या दुसऱ्या वेळी मी श्रीखंड केलंच ना?" ती त्यानंतर मामींशी बोलेनाशी झाली. मामींना त्याचं वाईट वाटलं, पण बेत बदलला नाही.

रविवारी बायको एकटीच गेली. दीडच्या सुमाराला बेल वाजली. दारात मामी, घामाघूम, कमरेला पदर खोचलेला.

"पानं वाढलीत."

"मला नाही जमणार, मामी."

"बरं." असं म्हणून त्या आमच्या चपलांच्या स्टँडवर बसल्या. "मग मीही बसते. तिकडे कुणी घास घेतलेला नाही."

मी धैर्याने वगैरे गेलो नाही. एक म्हातारी बाई माझ्या चपलांवर बसलेली मला बघवेना, म्हणून गेलो.

अकरांपैकी चार घरची माणसं आली होती. विराजची आई दिवा स्टेशनजवळच्या गावाहून एकटीच आली होती. मला बघून म्हणाली, "बसा ना पाव्हनं, पोरां कवाची भुकेली हान." निखिलच्या शेजारी एक पान रिकामं होतं. भोवती रांगोळी होती, भातावरचं तूप गोठलं होतं. मी बसलो. निखिलने माझ्याकडे बघितलं नाही, पण पहिला घास त्याला दोनदा उचलावा लागला. दोन वर्षं मी या मुलाला काय काय सोसायला लावलं ते मला त्या पानावर कळलं.

लग्न झालं. मी गेलो, फोटोतही आहे. पण न आलेली सात घरं मामींनी सोडलेली नाहीत. एकेका घराला त्या दोघांबरोबर जेवायला बोलावतात. आजवर दोन घरं आली. गुडघे आता पार गेलेत, म्हणून आमंत्रण द्यायला मला सोबत नेतात, आणि वरचे मजले माझ्यावर सोडतात.

परवा कल्याणला माझ्या चुलतभावाकडे गेलो. मामी पहिल्या मजल्याच्या पायरीवर टेकल्या, मी वाटी घेऊन वर गेलो. भावाने दार अर्धंच उघडलं. कसंबसं पुटपुटलो, "रविवारी मामींकडे जेवायला या. निखिल आहे, आणि... विराज. माझ्या मुलाचा नवरा."

खालून आवाज आला, "जावईबापू, जरा मोठ्याने. मला इथे ऐकू आलं नाही."

मी पुन्हा सांगितलं. मजल्यावरची बाकीची दोन दारंही उघडली, तरी वाक्य पुरं केलं.