खिडकीची जागा आणि माशांची अंडी

आमच्या भद्रावतीच्या घरात उजेडाची खिडकी एकच, आणि तिच्यापाशी नवऱ्याची माशांची टाकी. माझं शिलाई मशीन स्वयंपाकघरात, ट्यूबलाइटखाली. काळ्या ब्लाउजवर काळा दोरा तिथे दिसत नाही, हे मी ह्यांना कितीदा तरी सांगितलं होतं.

ह्यांना एंजल माशांची पिल्लं काढायची होती. मादी अंडी घालायची आणि त्यांवर कापसासारखी बुरशी चढायची. मागच्या खेपेला ह्यांनी पाण्यात जांभळं पोटॅश टाकलं, पावसाळ्यात गावच्या विहिरीत टाकतात तसं, आणि विहिरीच्याच हिशेबानं. अंडी करपलेल्या साबुदाण्यासारखी झाली. मग चंद्रपूरहून बुरशीवरचं निळं औषध आलं.

"याबी खेपेले अंडी वाया गेली तं टाकी काढून टाकतो. खिडकी तुयी," हे म्हणाले. मी ते शेजारणीसमोर परत एकदा वदवून घेतलं.

मादीनं अंडी घातली ती नेमकी हे खाणीत पाळीवर गेल्यावर. तिथं खाली फोन लागत नाही. मी काहीच करायचं नव्हतं, खिडकी आपोआप माझी होणार होती. मी डाळ चढवली, तांदूळ निवडले. नर-मादी पंखांनी अंड्यांना वारा घालत होते. ते मी पाहायला नको होतं.

आता त्यांना तसंच सोडवेना, आणि मला स्वतःचाच राग आला. मादीनं अंडी घालावीत म्हणून ह्यांनी टाकीत उभी केलेली दगडी पाटी अंड्यांसकट उचलून टाकीच्याच पाण्यानं भरलेल्या लोणच्याच्या बरणीत ठेवली. औषधाच्या मापाचा कागद सापडेना, म्हणून विहारात जायच्या पांढऱ्या साड्यांना नीळ देते त्या अंदाजानं थेंब सोडले. हवेची नळी लावली. ऊन लागू नये म्हणून वरून अस्तराचं कापड टाकलं.

हे परत आले. बरणीकडे पाहिलं, माझ्या निळ्या बोटांकडे पाहिलं.

"तुले तं खिडकी पाह्यजे होती ना?"

"पाह्यजेच आहे," मी म्हणाले. "पण अशी नाई."

त्यानंतर पांढरी पडलेली अंडी मी मशीनच्या सुईनं एकेक काढत गेले, बाजूच्यांना बुरशी लागू नये म्हणून. एका सकाळी उरलेल्यांना शेपट्या फुटून वळवळ सुरू झाली. मी हरले होते, आणि मला इतका आनंद झाला की डाळ खाली लागली.

पिल्लांना वेगळी टाकी लागते. तीही खिडकीपाशीच आली. मशीन स्वयंपाकघरातच आहे. काळं ब्लाउज शिवायला आलं की मात्र हे पाळीवर निघण्याआधी मशीन उचलून खिडकीपाशी, दोन टाक्यांच्या मध्ये ठेवून जातात. मी सांगितलेलं नसतं.